चकतीवरची दुसरी घडी

उस्तादच्या डोक्यात संशय शिरला तो एका पत्र्याच्या चकतीमुळे.

लष्कराने लिलावात काढलेले जुनाट ट्रक घाटात माल वाहायचे, आणि त्यांच्या चाकांच्या मधले झिजलेले हब नि बेअरिंग दुरुस्त करून घ्यायला सगळे उस्तादच्याच शेडमध्ये यायचे. हबचा शेवटचा नट तो कधी मापाने आवळत नसे. चाक हाताने फिरवायचं, बोटांना पटेल तेवढं सैल सोडायचं, आणि नटाखालच्या चकतीचा कान वाकवून नट जागच्या जागी अडकवायचा. दर वेळी चकती नवी आणि कान एकदाच वाकवायचा, हा त्याचा नियम. परवा ब्रेकसाठी परत आलेल्या एका ट्रकच्या चकतीवर मात्र दोन घड्या दिसल्या. म्हणजे त्याने बंद केलेला हब मागाहून कोणीतरी उघडला होता.

कोणीतरी कशाला? शेडमध्ये दुसरं होतंच कोण? बायकोचा धाकटा भाऊ, ज्याला त्याने पाना धरायला शिकवलं, तो.

मग जिकडे बघावं तिकडे पाणी मुरताना दिसू लागलं. मेहुणा हल्ली सकाळी आधी येऊन शेड उघडायचा. इतका कामसू हा कधीपासून झाला? घरी बहीण-भाऊ ओट्यापाशी कुजबुजायचे, आणि उस्ताद आत आला की बायको घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घ्यायची. एकदा तिने त्याचा अंगठा धरून विचारलं, "अहो, हे कुठे भाजलं?"

"कामात होतं असं," तो खेकसला. चौकशा करायच्या आणि भावाच्या कानात ओतायच्या, दुसरं काय! नट ढिले करून ठेवायचे, घाटात चाक निखळलं की उस्तादचं नाव मातीत, आणि समोर मेहुणेबुवांचं नवं दुकान थाटात. घरच्याच माणसाने केसाने गळा कापावा, याचं त्याला फार वाईट वाटत होतं.

आज तो जेवायला म्हणून निघाला आणि मागच्या दाराने परत आला. मेहुणा उस्तादने काल तयार केलेल्या ट्रकच्या पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसला होता. हबचं झाकण काढलेलं, पाना नटावर.

"हात लावू नकोस!"

मेहुणा ताडकन उठला. "भाऊजी, ऐका तरी. जरा घट्ट वाटलं म्हणून..."

"घट्ट? तुला शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून नट आवळतोय मी!"

त्याने पाना हिसकावला, नट पुन्हा आपल्या हाताने बसवला, नव्या चकतीचा कान वाकवला, आणि ड्रायव्हर येईपर्यंत चाकाशेजारी स्टूल टाकून बसून राहिला. ड्रायव्हर ट्रकची चाचणी घ्यायला निघाला तेव्हा मेहुण्याने त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. "सावकाश ने, घाटात नको," एवढंच उस्तादला ऐकू आलं. बघा, कामाची बदनामी आत्तापासूनच सुरू!

ट्रक चक्कर मारून परत आला. ड्रायव्हर उतरता उतरता म्हणाला, "उस्ताद, बाकीची चाकं गार आहेत, पण हे पुढचं..."

"थांब. तूच साक्षीदार." उस्तादने उजवा तळवा हबवर सपाट टेकवला आणि मेहुण्याकडे रोखून पाहिलं. "नट घट्ट असेल तर हब तापतो. हा बघ, थंडगार आहे. आता सांग, चुकतं कोण?"

ड्रायव्हर त्याच्या हाताकडे बघत होता. जळक्या ग्रीसचा वास येत होता, आणि त्यात आणखी एक वास मिसळला होता.

"भाऊजी, हात काढा," मेहुणा रडवेला होऊन म्हणाला, आणि त्यानेच मनगट धरून हात ओढला. तळव्याची कातडी पांढरी पडून फुगली होती. उस्ताद तिच्याकडे परक्याचा हात बघावा तसा बघत राहिला. दुखत काहीच नव्हतं, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

"कधीपासून चाललंय हे, माझ्यामागे हब उघडणं?" उस्तादने विचारलं.

"उकळत्या चहाचा ग्लास तुम्ही मुठीत धरायला लागलात तेव्हापासून. ताईनेच पाहिलं आधी. तुम्हाला सांगायची हिंमत होईना दोघांची."

"आणि बाकीची चाकं?"

"सकाळीच उघडून सैल केली मी. हे एकच राहिलं होतं."

उस्तादने डाव्या हाताने पाना उचलला. मग मेहुण्यापुढे केला.

"उघड," तो म्हणाला. "पण आता माझ्यासमोर."