सुकेळीचा मुहूर्त

राजोडीचे जगन्नाथ गुरुजी संस्कृतच्या अध्यापनातून निवृत्त झाल्याला सात वर्षे लोटली होती, आणि तेव्हापासून त्यांच्या विद्वत्तेला श्रोता म्हणून केवळ केळीची बाग उरली होती. त्यामुळे कृषी महाविद्यालयाने चंदनसारची इशिता दहा आठवड्यांच्या कार्यानुभवासाठी त्यांच्या वाडीवर धाडली आणि ‘यजमान शेतकरी’ या रकान्यात त्यांचे नाव घातले, तेव्हा गुरुजींना धन्य वाटले. वाडी प्रत्यक्षात पत्नी प्रेमलताबाई पाहतात, हा तपशील त्यांना सांगण्याजोगा वाटला नाही.

इशिताच्या प्रात्यक्षिकाचा विषय सुकेळी हा होता; पिकलेली राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात वाळवायची. गुरुजींनी पंचांग उघडून दिवस निवडला.

प्रेमलताबाईंनी वर पाहिले. “अहो, आभाळ धरलंय. दोन दिवस थांबा.”

“असा योग पुन्हा नाही.”

योग उत्तम होता. तिसऱ्या दिवशी केळ्यांवर पांढरी बुरशीही उत्तम धरली. पुढचा घड प्रेमलताबाईंनी पंचांगाला न विचारता घातला.

परीक्षणाच्या आदल्या दिवशी इशिताने रोजनिशी सहीसाठी पुढे केली. आपली थोरवी वाचण्यास गुरुजी चष्मा पुसून बसले. पहिल्या पानावर होते : ‘काकांनी वृक्षांविषयी श्लोक सांगितले. तोवर काकूंनी दोन घड उतरवले.’ पुढे सगळीकडे काकू. काका सापडले ते थेट एका ओळीत : ‘काकांच्या मुहूर्तावर घातलेली केळी वाया गेली. कारण : ढगाळ हवामान.’

“काका, चिडलात का?” इशिताचा चेहरा उतरला. “ही ओळ काढते हवं तर. तुमची सही नसली तर माझं वर्ष जाईल.”

ओळ काढावी, असे गुरुजींना फार वाटले. उद्या येणारे परीक्षक केयूर हे शाळेत त्यांचेच विद्यार्थी. केयूर यांच्या दृष्टीने गुरुजी चुकणे अशक्य होते. गुरुजींनी लेखणी त्या ओळीवर नेली. मग, जे पोरीने डोळ्यांनी पाहिले ते आपण खोडावे, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी केयूरनी वाकून नमस्कार केला, रोजनिशी वाचली आणि त्या ओळीपाशी आदराने खोकले. “गुरुजी, सुकेळी उलटायची वेळ यजमान कशी ओळखतात?”

गुरुजींच्या ओठांशी अनुष्टुभातला श्लोक आला. केळ्यांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्यांनी तो गिळला.

“मला ठाऊक नाही, केयूर. यजमान मागे मांडवावर आहेत. अगं, प्रेमलते!”

प्रेमलताबाई हात पुसत आल्या. “बोटाला चिकटायची थांबली की उलटायची. इशिताला विचारा, तिनंच केलीत ही.”

इशिताने नीट सांगितले. केयूरनी एक सुकेळी खाल्ली, दुसरी मागून घेतली, इशिताला उत्तीर्ण केले आणि यजमानाचे नाव बदलायला लेखणी काढली.

“मग गुरुजींचं नाव कुठे लिहू, काकू?”

“सध्या कुठंच नको. काम बघू आधी.” त्या नवऱ्याकडे वळल्या. “अहो, पलीकडची रांग उलटायची राहिलीय. आणि पंचांग घरात ठेवा.”

गुरुजी धोतर खोचून मांडवापाशी गेले, आणि विद्यार्थ्याच्या भीतीने एका केळ्याला बोट लावले.

“चिकटतंय गं!”

“मग थांबा,” वाडीतून उत्तर आले.

गुरुजी बोट वर धरून थांबले.