नऊ थर

काल हौद रिकामा असताना भिंतीतून ड्रिलने काढलेला वीतभर लांबीचा काँक्रीटचा तुकडा तिने मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि नेहमीप्रमाणे भेग शोधू लागली. उघडी भेग नव्हतीच. या काँक्रीटमध्ये निजलेले जिवाणू असतात. भेगेत पाणी शिरलं की ते जागे होतात, चुनखडी तयार करतात आणि दोन-तीन आठवड्यांत भेग बुजवून टाकतात. पुढे चंद्रावरची घरं याचीच बांधायची, म्हणून अंतराळवीरांच्या सरावाचा हा खोल हौद आधी बांधून पाहिला होता.

दर महिन्याच्या अहवालात ती 'उघड्या भेगा : शून्य' असं लिहून सही करायची. रकान्यात तेवढंच विचारलेलं असे.

आज मात्र बुजलेल्या जागी पांढरी रेघ दिसली, आणि त्या रेघेत थर. तिने मोजले. नऊ. पुन्हा मोजले. नऊच, आणि प्रत्येक थर आधीच्यापेक्षा जाड.

हौद आजवर नऊ वेळाच काठोकाठ भरला होता. म्हणजे दर वेळी भिंत त्याच जागी उकलली होती, आणि तपासणीच्या आत गुपचूप बुजली होती. शेवटच्या थराला तिने सुई लावली. तो खडूसारखा भुगा होऊन पडला.

सकाळपासून दहाव्यांदा पाणी चढत होतं. आणि त्याच भिंतीच्या बाहेरून, तळाशी असलेल्या कोरड्या बोळात, तिचा थोरला भाऊ चार रंगारी घेऊन भिंत रंगवत होता.

पंपघरात कुणी फोन उचलेना. तिने भावाला लावला.

"बोला, शास्त्रीणबाई."

"दादा, सगळ्यांना घेऊन वर ये. आत्ताच्या आत्ता."

"का गं? भिंतीला ताप आला?" मागे कुणीतरी खिदळलं.

"भिंत फुटेल."

"अगं, तूच तर दर महिन्याला शून्य लिहितेस!"

"चुकले मी. रंगावर कुठे फुगा आलाय का, तेवढं बघ."

"ओला रंग आहे, फुगा कसला येतो—"

त्याची पावलं भिंतीजवळ गेली.

"आहे," तो हळूच म्हणाला. "लिंबाएवढा. वाढतोय गं."

मग त्याची आरोळी: "डबे राहू द्या तिथेच! जिना गाठा!"

फोन चालूच होता. लोखंडी पायऱ्यांवर पावलं धडधडली. किती जणांची, तिला कळेना. मग जाड कापड टराटरा फाडावं तसा आवाज आला आणि मागोमाग पाण्याचा लोंढा. टेबलाची कड घट्ट धरून ती उभी राहिली.

"वर आलो," शेवटी तो म्हणाला. "पाचही जण. खाली अर्धा जिना बुडालाय."

तिला हुंदका आवरेना.

"रडतेस काय, वेडे? मी बघ, हसतोय."

पण तो हसत नव्हता. त्याचे दात एकमेकांवर आपटत होते, आणि ते तिला फोनवर स्वच्छ ऐकू येत होतं.