चार माणसं घेऊन या

माणूस गेला तर आमच्याकडं फोनवर तसं थेट सांगत नाहीत. आधी घरातल्या धीराच्या माणसाला फोनवर बोलावतात आणि ‘जरा जास्त झालंय, चार माणसं घेऊन या’ एवढंच म्हणतात. ऐकणारा समजून जातो. नांदेडच्या आमच्या दवाखान्यात असे फोन उज्वलाच करायची. पलीकडं रडणं सुरू झालं की फोन न ठेवता ती गप्प ऐकत बसायची. शेजारच्या टेबलावर मी. मला ती अक्का म्हणायची.

मग मॅनेजमेंटनं सॉफ्टवेअर आणलं. आमचा प्रत्येक फोन ते ऐकणार आणि मार्क देणार. उज्वलाला सगळ्यात कमी मिळाले. का, तर फोन लांबतो, मधेच बोलणं थांबतं, आणि माहिती चुकीची देते. पेशंट दगावलेला असताना ‘जास्त झालंय’ म्हणते. घ्या! तेवढ्यावर तिला काढायचं ठरलं.

मी तडक एचआरच्या शिवप्रसाद सरांकडं गेले. इथंच केस पांढरे केलेत, मला कुणाची भीती?

“सर, तिचा एक फोन तरी ऐका.”

“नीलाबाई, मार्क मी देत न्हाई. सिस्टीम देते.”

“आन काढायच्या कागदावर सही? ती बी सिस्टीमच करती का?”

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडं फिरवून मार्कांचा तक्ता दाखवला. माणूस वाईट नाही हो, पण पाच मिनिटं काढून एक फोन ऐकणं काही झालं नाही त्यांच्याकडून. मला अजून संताप येतो.

उज्वलाला पगारापेक्षा घोर होता तो आईचा. केवळाबाईंचं डायलिसिस स्टाफच्या घरची म्हणून आमच्याकडं फुकट व्हायचं. नोकरी गेली, तसं तेही बंद झालं. सरकारी दवाखान्यात नंबर लावला, पण तो लागेपर्यंत डायलिसिसचे खाडे पडले आणि म्हातारीला धाप लागली. शेजाऱ्यांनी उचलून आमच्याकडंच आणलं. उज्वला तेव्हा कंधारला, नव्या कामाचं विचारायला गेली होती.

केवळाबाई वाचल्या नाहीत. फोन मलाच करायचा होता. उज्वलाचा ‘हॅलो’ ऐकला आणि मला दुसरं काही सुचेचना.

“उज्वला, आईला जरा जास्त झालंय गं. तुझ्याजवळ कोण हाय? त्यांच्याकडं फोन दे.”

पलीकडं नुसता एसटीचा हॉर्न वाजत होता. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, पण मी फोन ठेवला नाही. ती बसायची तशी कानाला धरून बसले.

बऱ्याच वेळानं तिचा आवाज आला.

“कळालं, अक्का. ठेव आता. लांबला तर तुझे बी मार्क कापतील.”