लाल झालेली नळी

नंदाखाल गावची क्लेमेंटीन रसायनशास्त्र शिकली तेव्हा गावाने कपाळाला हात लावला होता. आता ती तुंगारच्या डोंगरात ओहोळांचं पाणी तपासत फिरते म्हटल्यावर कोणाला बोलायलाच काही उरलं नाही. काचेच्या नळीत ओहोळाचं पाणी घ्यायचं, हिरवं औषध घालून हलवायचं. पाण्यात धातू असेल तर हिरवं जाऊन लाल येतं. डोंगराच्या पोटात तांबं असलं तर त्याचा अंश पाण्यात उतरतो, हा त्यामागचा हिशेब.

हंगाम संपत आला तरी सगळ्या नळ्या हिरव्याच. तांबं मिळालं नाही तर ते शोधणारी तिची तुकडी बंद, आणि क्लेमेंटीनची हंगामी नोकरीही गेली. अशात एका ओहोळाची नळी लालभडक झाली. तुकडीचे प्रमुख लुईससाहेब असे हुरळले की मुंबईच्या कचेरीला तार करायलाच बसले.

"साहेब, लाल कुठून येतंय ते वर जाऊन बघते."

"कशाला? मिळालं ते मिळालं!"

पण ही पोर ऐकेल तर शपथ! उन्हात धापा टाकत, जागोजागी पाणी तपासत ती ओहोळाच्या काठाने चढत गेली. नळ्या लालच होत होत्या. वरच्या पाड्याखाली तिथलीच विनीताई आणि चार बायका लग्नाचे तांब्याचे हंडे चिंच लावून खसाखसा घासत होत्या.

"रोज इथंच घासता?"

"लगनसराई हाय ना बाय! अख्ख्या पाड्याची भांडी एकच. लगीन आलं का चिच लावून घासायची नि या पान्यात धुवायची."

बायकांच्या वरच्या अंगाला जाऊन क्लेमेंटीनने नळी भरली. हिरवी. आणखी वर चढून भरली. तीही हिरवी.

लुईससाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "खालचं पाणी लाल आहेच ना? तेवढंच कळवू. खोटं काय त्यात?"

"तांबं खरं आहे, साहेब. पण ते डोंगराचं नाही, हंड्यांचं आहे."

"तुझी नोकरी जाईल, कळतंय ना?"

"कळतंय." नोकरी तिला जिवापाड हवी होती. पण मान खाली गेली नाही. "तार तुम्ही लिहिता की मी लिहू?"

साहेबांनी टाक तिच्यापुढे सरकवला. आपली नोकरी घालवणारी तार क्लेमेंटीनने स्वतःच्या अक्षरात लिहिली, माणिकपूरच्या पोस्टात नेऊन दिली, आणि बाहेर आल्यावर मग पदर डोळ्यांना लावला.