उन्हाआडचं खमीर

तळेगावच्या मोतीलालजींनी सुनेला, प्रेरणाला, प्रयोगापुरती संत्राबागेतली एकच ओळ दिली होती, तीही तोंड वाकडं करून. ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिचं म्हणणं, संत्र्याच्या सालीवरच एक चांगलं खमीर, यीस्ट म्हणतात ते, राहतं. ते वाढवून फवारलं, तर सडवणाऱ्या बुरशीला बसायला जागाच उरत नाही. फवारलं बापडीनं. तरी तोडलेली फळं पेटीत सडायची ती सडलीच.

"एक बार आणखी पाहू," सासरे म्हणाले. "मंग आपली जुनी दवाई. ओळ वापस."

प्रेरणाला रडू आलं, पण डोकं स्वस्थ बसू देईना. पेटी उपसून बसली. सडलेली फळं सगळी पिवळीधमक, उन्हातली. चांगली राहिलेली हिरवट, पानांआडची. असं काऊन? आता ही बाई गप्प बसते होय? खमिराच्या दोन बश्या तिनं गच्चीवर उन्हात मांडल्या, एक उघडी, एक काळ्या फडक्याखाली. मग दोन्ही घरात झाकून ठेवल्या. फडक्याखालच्या बशीत खमिराचे पांढरे ठिपके दाटले. उघडी होती ती कोरीच राहिली.

घोडं पेंड खात होतं ते इथं. मोतीलालजींची पूजा आटोपल्याशिवाय बागेत पंप हलत नसे, आणि त्यांची पूजा आटोपेतो ऊन चांगलं तापलेलं. बिचारं खमीर सालीवर जम बसवायच्या आधीच मरत होतं.

सासरे जेवायला बसल्यावर तिनं विषय काढला. "बाबूजी, फवारा ऊन उतरल्यावर मारू. रातभर जम बसवाले वेळ भेटते त्याले."

मोतीलालजींचा घास हातातच राहिला. "ऊन उतरलं का झाडाले हात नाई लावत आपल्या घरी. झोपतात ते. माह्या बापानं नाई लावला, मी नाई लावला."

"पण दिवसा ऊन मारून टाकते त्याले."

ते ताटावरून उठले. ओळ गेली, असंच प्रेरणानं धरलं. फार वाईट वाटलं तिला.

दुसऱ्या दिवशी सांजेला ती उरलेलं खमीर घरी आणायला बागेत गेली. खमिरानं भरलेला पंप बांधावर तयार होता. मोतीलालजी टोपी काढून, अनवाणी, तिच्या ओळीतल्या पहिल्या झाडाशी उभे होते. खोडावर हळूच थोपटत होते.

"उठ माय," ते म्हणाले. "माफ करजो. लेकीचं काम आहे."

मग पुढच्या झाडाकडे गेले, त्यालाही उठवायला. आजवर त्यांनी तिला सूनच म्हटलं होतं. प्रेरणानं डोळे पुसले आणि पंप पाठीवर घेतला.