आईने ओढलेला देठ

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. माझी बॅटरी फुगली आहे, काच उचकटली आहे आणि दुरुस्तीवाल्याने माझी आशा सोडली आहे.

जन्म कारखान्यातला असला, तरी माझं आयुष्य सुरू झालं ते ताईच्या टेबलावर. ताई चित्रकार. खिडकीपाशी काचेच्या बरणीत फुलं ठेवायची आणि पेनाने माझ्यावर ती काढायची. लोक म्हणायचे, "बोट लावलं तर दव लागेल!" मी हरखून जायचो.

मग ताईची आई आजारी पडली. फुप्फुसांचं दुखणं. वॉर्डच्या दारातच सिस्टरने फुलं अडवली. "आत चालत नाहीत हो. त्यांना आधीच श्वास पुरत नाही."

तेव्हापासून ताई सकाळी घरी बरणीतली फुलं माझ्यावर काढायची आणि दुपारी मला आईसमोर धरायची.

एकदा आईने निरखून पाहिलं. "ही फुलं सुकत नाहीत होय गं?"

"सुकलीत. मी ताजी काढते."

"मला कशाला फसवतेस? आहेत तशी काढ."

मग ताई मान टाकलेली, कडेने काळवंडलेली फुलं काढू लागली. आई ती बराच वेळ बघत राहायची.

एका चित्रात एक देठ राहून गेला होता. "आण इकडे," म्हणत आईने थरथरतं बोट माझ्या काचेवर टेकवलं आणि देठ ओढला. वाकडातिकडा, पार बरणीबाहेर गेलेला. दोघी खूप हसल्या. हसता हसता आईला धाप लागली. सिस्टर धावत आली. त्यानंतर आई बोललीच नाही; त्यातच ती गेली.

ताईला माझ्याकडे बघवेना. तिने मला खणात ठेवलं. नवा टॅब आला, फुलांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं, कौतुक झालं. मी अंधारात फुगत राहिलो.

एक दिवस ती मला घेऊन दुकानात गेली. "यातलं फक्त एक चित्र हवंय."

दुरुस्तीवाल्याने मला उघडलं. "आतलं सगळं गेलंय, ताई. दुसरीकडे ठेवलं नव्हतं?"

"नाही."

घरी येऊन तिने नव्या टॅबवर बोटाने तो देठ ओढून पाहिला. पुसला. पुन्हा ओढला. तिचा देठ सरळच यायचा.

मित्रांनो, जे पुन्हा काढता येणार नाही, त्याची प्रत वेळीच करून ठेवा. बघवत नाही म्हणून आम्हाला कोंडून ठेवू नका. खणात आम्ही जपले जात नाही, सडतो.

मला न्यायला भंगारवाला दारात आला आहे. "सांभाळून न्या हो," ताई त्याला सांगते आहे.

आता काय सांभाळायचं!