शिक्क्यामागचा कागद

सेत्सुकोने तक्त्यात चौथा रकाना आखला आणि तो रिकामाच ठेवून कागद हिराइवासाहेबांपुढे सरकवला.

निईगाताजवळच्या या पाणीपुरवठा कार्यालयात तीन तऱ्हांचे संगणक होते आणि ते सांभाळणारी ती एकटी. संगणकावर सगळे अधिकार ज्या खात्याला असतात, ते तिन्हींपैकी कुठे जास्त धोक्याचं, एवढंच साहेबांनी विचारलं होतं. तिने लिहिलं होतं : जुन्या युनिक्सवर ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकारी म्हणून शिरलं की सगळं पुसायला सांगितलं तरी मशीन निमूट पुसतं. विंडोजवर प्रिंटर चालेना म्हणून निम्म्या कार्यालयाला ॲडमिन करून ठेवलंय. लिनक्स तेवढं पुन्हा पासवर्ड मागतं आणि कोणी काय केलं त्याची नोंद ठेवतं.

“हा चौथा रकाना कसला?”

“माणसाचा. तिन्ही पासवर्ड फक्त मला ठाऊक आहेत.”

साहेब हसले. तिजोरीत ते पासवर्ड लिहून ठेवलेलं मोहोरबंद पाकीट होतं की. दरवर्षी तपासनीस यायचा, शिक्का शाबूत बघून खूण करायचा. आकिताला राहणाऱ्या तिच्या वडिलांची स्मृती जात चालली होती, म्हणून तिने मागितलेली दहा दिवसांची रजाही त्यांनी तिथल्या तिथे मंजूर केली. बिनघोर जा म्हणाले, अडलंच तर पाकीट फोडू.

सेत्सुको उठली नाही. आता लपवायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

“आत्ताच फोडा, साहेब.”

आतून कोरा कागद निघाला. साहेबांनी तो उलटून पाहिला. मागेही काही नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी माणसं कमी करणार अशी आवई उठली, तेव्हा आपल्यावाचून कार्यालयाचं अडावं म्हणून तिनेच तो आत घालून पाकीट चिकटवलं होतं. साहेबांनी न बघता शिक्का मारला. नोकरी टिकली, पण दोन दिवसांपलीकडे रजा घ्यायची तिची छाती झाली नाही. आपल्यामागे कोणी पाकीट फोडलं तर? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते तिने अकरा वर्षं सोसलं.

साहेब शिक्क्याकडे बघत राहिले. तो त्यांचाच होता. ते रागावले नाहीत, फक्त पेन पुढे केलं.

तिने तीन ओळी लिहिल्या. दोन मिनिटंही लागली नाहीत. या खेपेला साहेबांनी कागद वाचला, मग नव्या पाकिटात घालून शिक्का उमटवला.

“वडील ओळखतात ना तुम्हाला?”

“नववर्षापर्यंत ओळखत होते,” सेत्सुको म्हणाली आणि तिने पिशवी उचलली.